गाडीच्या आधी अर्थिंग: खेड्यात वापरलेली इलेक्ट्रिक कार घेण्याबद्दल

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात, त्यांच्या सरकारी नोकरीची शाळा अठ्ठावीस किलोमीटरवर आहे. २०२१ सालची, ३०.२ युनिट बॅटरीची एक वापरलेली इलेक्ट्रिक कार बऱ्या भावात मिळते आहे. गावात लाईन जाते-येते, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असतो आणि सासऱ्यांना दर महिन्याला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी घ्यावी का, आणि घेतली तर रोजचं कसं निभेल?

ताई, गाडी घ्या. पण तिचा सौदा करायच्या आधी घरी वायरमन बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. मी स्वतः परवानाधारक वायरमन आहे, घरांची आणि जिनिंगची वायरिंग हाच माझा धंदा. २०२१ पासून याच जिल्ह्यात इलेक्ट्रिक कार चालवतो. तेव्हा हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसली की लोक थांबून वाकून सायलेन्सर शोधायचे. आजही पेट्रोल पंपावर हवा भरताना, बाजार समितीच्या फाटकावर किंवा लग्नाच्या मांडवात पहिला प्रश्न तोच येतो: "एका चार्जात किती पयते जी?" तुमच्याही पत्रात अर्धी चिंता त्याचीच आहे. तुमचा रोजचा प्रवास छप्पन्न किलोमीटर. त्याला भिंतीतून आठ-नऊ युनिट लागतात आणि घरच्या साध्या चार्जरवर ते तीन तासांत भरतात. महिन्यातले बहुतेक दिवस रेंज हा विषय तुमच्या डोक्यातही येणार नाही. भिंतीतल्या तीन छिद्रांमागे खरंच तीन तारा आहेत का, हा मात्र पहिल्याच रात्री येईल.

खेड्यातल्या घराला खांबावरून दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, अर्थिंगची, घरमालकाने आपल्या जमिनीत पुरायची असते आणि जुन्या घरांत बहुधा ती कोणी पुरलेलीच नसते. पंखा, टीव्ही, फ्रिज याबद्दल काही तक्रार करत नाहीत. ईव्हीचा चार्जर करतो. केबलच्या मध्ये जो डबा असतो तो आधी अर्थिंग तपासतो आणि ती नसली की लाल दिवा लावून बसतो. नारळ फुटला, पेढे वाटले, केबल लावली आणि चार्जिंगच होईना, असे फोन मला दसऱ्या-पाडव्याच्या संध्याकाळी हमखास येतात.

अशा वेळी गावातला एखादा हुशार पोरगा येतो आणि बोर्ड उघडून न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पॉइंटमध्ये एक जंपर मारून देतो. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, पोराला शंभर रुपये मिळतात. हा जंपर तुमच्या घरात कोणालाही मारू देऊ नका. वाऱ्यावादळात खांबावरची न्यूट्रल तुटली किंवा कट-आउटमध्ये सैल झाली, तर तोच फेज घरातल्या उपकरणांमधून फिरून न्यूट्रलवर येतो, जंपरमधून अर्थिंगच्या तारेवर जातो आणि गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. पावसात ओल्या पायांनी दार उघडायला गेलेल्या माणसाला ते कळायलाही वेळ मिळणार नाही. या एका गोष्टीत मी गिऱ्हाइकाशी भांडतो, काम सोडतो, पण जंपर ठेवत नाही.

खरी अर्थिंग करणं काही फार खर्चाचं काम नाही. तीन मीटरचा जाड जीआय पाइप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती कोळसा आणि मीठ किंवा दुकानात तयार मिळणारं बेंटोनाइटचं पोतं. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली असते. उन्हाळ्यात मात्र तिला भेगा पडतात, ती पाइप सोडते आणि फेब्रुवारीत हिरवा असलेला दिवा एप्रिलच्या शेवटी लाल होतो. म्हणून मार्च ते पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून दोनदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. त्याहून सोपं म्हणजे खड्डाच न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला घ्या, मग पाण्याची आठवण ठेवावी लागत नाही. घर मुरमावर किंवा खडकावर असेल तर एका पाइपने भागणार नाही, तीन मीटर अंतरावर दुसरा टाकून दोन्ही जोडावे लागतील. वायरमनला नुसतं "करून टाक" म्हणू नका, मोजून दाखवायला सांगा. पाच ओहमच्या आत आली तर छान. आणि चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मीटरने बघा. दोन-तीन व्होल्ट असेल तर निश्चिंत राहा, पाचच्या वर जात असेल तर कुठेतरी जोड सैल आहे.

एवढ्यावर थांबू नका. त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाईन तोडणारा स्विच, हवाच. का, ते सांगतो, कारण दुकानदारसुद्धा "एमसीबी आहे ना, मग काय" म्हणतात. पाच ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त सेहेचाळीस अँपिअर करंट जाईल. वीस अँपिअरचा सी टाइप एमसीबी लगेच पडायला शंभराच्या पुढे लागतो. म्हणजे गाडीच्या पत्र्यात करंट उतरला तरी एमसीबी बराच वेळ शांत बसेल. आरसीसीबी डोळ्याची पापणी लवायच्या आत पाडतो.

वायर मीटरच्या पेटीपासून थेट गाडीपर्यंत स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी रिकामी झालेली असली तर सलग सात-आठ तास तेरा-चौदा अँपिअर ओढते. त्यात जुना सॉकेट तपकिरी होतो, मग मऊ पडतो, मग वास येतो. चांगल्या कंपनीचा सोळा अँपिअरचा सॉकेट बसवा आणि पहिल्या महिन्यात चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट चालेल, चटका नको. घरचा मंजूर भारही बघा. खेड्यातल्या कितीतरी बिलांवर तो अजून एक किलोवॅट किंवा त्याहून कमी असतो. चार-पाच किलोवॅट करून घ्या, अर्ज साधा आहे.

आता लाईनचं. गाव गावठाण फीडरवर, म्हणजे घरांसाठीच्या वेगळ्या लाईनवर असेल तर शेतीपंपांच्या आठ तासांच्या पाळीशी तुमचा संबंध नाही. लाईन जाते ती बिघाडाने, वाऱ्याने किंवा डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाल्याने. तीन तासांचं चार्जिंग बारा तासांच्या रात्रीत बसवायचं आहे, त्यामुळे मध्ये चार तास लाईन गेली तरी सकाळी गाडी तयार असते. लाईन परत आली की चार्जिंग बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं, क्वचित केबल काढून पुन्हा लावावी लागते. गोठ्यात वैरण टाकावी तशी रोज संध्याकाळी केबल लावायची, बॅटरी निम्मी शिल्लक असली तरीही. डीपी जळून चार दिवस अंधार झाला तर ज्यांनी रोज लावलेली असते त्यांचे दोन-तीन दिवस निघतात. "उद्या लावू" म्हणणारे पहिल्याच सकाळी एसटीच्या थांब्यावर दिसतात.

लाईन असून व्होल्टेज नसणं हे जास्त त्रासदायक. संध्याकाळी सात ते दहा गावात व्होल्टेज एकशे सत्तर-ऐंशीवर येतं. चार्जर करंट वाढवत नाही, त्यामुळे सव्वातीन किलोवॅटच्या जागी अडीचच मिळतात आणि फारच खाली गेलं तर तो थांबतो. मोठा स्टॅबिलायझर घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. मी नाही म्हणतो. तो व्होल्टेज चढवतो तेव्हा खांबावरून जास्त करंट ओढतो, वायर आणखी तापते आणि शेजाऱ्याचे दिवे आणखी मंद होतात. गाडीत किंवा ॲपमध्ये वेळ लावायची सोय असते, ती रात्री अकराची लावा. अकरानंतर व्होल्टेज सुधारतं, पहाटेपर्यंत सगळं उरकतं.

तुमचे दीर म्हणतात तसं शेतातल्या मोटारीच्या मीटरवर गाडी लावू नका. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ आहे, म्हणून हा मोह जिल्हाभर पसरला आहे. पण शेतीच्या जोडणीवर दुसरं काही चालवणं म्हणजे वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आणि त्यात दुप्पट दराने आकारणी होते. तुम्ही सरकारी नोकरीत आहात, एवढं कारण पुरे. ते नसतं तरी मी नको म्हटलं असतं, कारण शेतातल्या लाईनवर न्यूट्रलचा भरवसा नसतो आणि शेजारची मोटार बंद होताना व्होल्टेज जी उडी मारतं ती गाडीच्या चार्जरला झेपेलच असं नाही.

घरचा इन्व्हर्टर या कामाचा नाही. लग्नाच्या मांडवातल्या जनरेटरवर लावून पाहिलं तर चार्जर बहुधा लाल दिवा दाखवेल, कारण त्या जनरेटरचा न्यूट्रल कुठे जमिनीला जोडलेलाच नसतो. छतावर सोलर लावायचा विचार असेल तर तो जरूर करा. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट धरता येतात. तीन किलोवॅटमध्ये घर आणि गाडी दोन्हींचा मोठा भाग निघतो. फक्त एक गैरसमज आधीच काढून टाका. लाईन गेली की हे सोलरही बंद पडतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. म्हणजे डीपी जळाली तर छतावर ऊन आणि खाली गाडी, दोन्ही असून चार्जिंग नाही.

उन्हाळ्याबद्दल लोक बॅटरी फुटण्याचं बोलतात. तुम्ही सांगता त्या गाडीची बॅटरी द्रवाने थंड केलेली असते आणि तिच्यात लोह-फॉस्फेटच्या सेल आहेत, त्या जातीने शांत असतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही मी गाडी रोज चालवली आहे. पण उन्हाचा कर दोन प्रकारे द्यावा लागतो. एसी आपल्या उन्हात साधारण दीड किलोवॅट खातो. शाळेच्या पाऊण तासाच्या रस्त्याला ते जाणवणार नाही, नागपूरच्या चार तासांत मात्र सहा युनिट जातात, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. दुसरा कर बॅटरीच्या वयाचा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि तापलेली जागा, हे दोन्ही एकत्र आले की ती लवकर म्हातारी होते. दुपारी शाळेतून येऊन लगेच केबल लावू नका, खालची जमीन आणि गाडी दोन्ही निवू द्या. शाळेत कडुनिंबाखालची जागा पटकवा, मुख्याध्यापकांशी वाद घालावा लागला तरी. आणि तुमच्या उन्हाळी सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर शंभर टक्के भरून ठेवू नका, पन्नास-साठवर सावलीत ठेवा. एरवी मात्र या जातीच्या बॅटरीला पंधरा-वीस दिवसांतून एकदा सावकाश पूर्ण शंभर टक्के भरणं गरजेचं असतं. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे काट्याला खरा अंदाज येईनासा होतो. तसं करणाऱ्यांच्या गाडीचा काटा वीस टक्क्यांवरून एकदम आठवर पडत नाही.

नागपूर. दारव्ह्याहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा असं धरलं तर जायचे एकशे नव्वदच्या आसपास. ही गाडी नवी असताना कागदावर ३१२ किलोमीटर होती, रस्त्यावर दोनशेच्या आसपास चालायची. आता एवढ्या वर्षांनी एकशे सत्तर धरा, मे महिन्यात दीडशे. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच, परतताना पुन्हा एकदा. सगळ्यात जास्त फरक वेगाने पडतो. ऐंशीला युनिटमागे साडेसहा-सात किलोमीटर मिळतात, शंभरला साडेपाच, एकशे पंधराला साडेचारही कठीण. ज्यांना हे पटत नाही ते समृद्धी महामार्गावर जाऊन शिकतात. तिथे कारला १२० ची परवानगी आहे, २०२५ च्या राज्याच्या धोरणात इलेक्ट्रिक कारना टोलमाफीही आहे, रस्ता लोण्यासारखा म्हणून पाय दाबला जातो आणि उतरायचा फाटा कितीतरी लांब असतो. जुन्या छोट्या बॅटरीला यवतमाळ-वर्धा रस्ताच बरा. ऐंशी-पंच्याऐंशीने निघा, वाटेत गावं आहेत, रसवंत्या आहेत, अडलं तर माणूस आहे.

सुरुवातीच्या काळात नागपूर सोडलं तर मी फास्ट चार्जरच्या भरवशावर निघत नसे. वाटेत वर्ध्याला पाहुण्यांकडे दोन तास थांबायचं, जेवायचं, तेवढ्यात सहा-सात युनिट घ्यायचे. आता रस्त्यावर चार्जर बरे आहेत, पण ॲपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर जागेवर गेल्यावर फडकं टाकून झाकलेला असणं अजूनही संपलेलं नाही. माझी पद्धत सांगतो. निघायच्या आधी दोन चार्जर ठरवा, एकमेकांपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. पहिल्यावर पोचताना बॅटरीत एवढं हवं की तो बंद असला तरी दुसरा गाठता येईल. आदल्या दिवशी तिथल्या पंपावर किंवा ढाब्यावर फोन करून "कोणाची गाडी आज लागली का" एवढं विचारा. "चालू आहे का" असं विचारलं तर सगळे होच म्हणतात. ॲपच्या पाकिटात पैसे घरूनच भरून ठेवा, तिथे मोबाईलला नेटवर्क नसलं तर पंचाईत होते. आणि चार्जरवर सीसीएस-२ ची गन आहे ना ते पाहा, जुन्या सरकारी जागांवर दुसऱ्या जातीच्या गन असतात, त्या आपल्या गाडीला बसत नाहीत.

समोर साठ किलोवॅटचा चार्जर असला तरी त्या पिढीची गाडी पंचवीस-तीसच्या वर घेत नाही. वीस टक्क्यांवरून ऐंशीला पाऊण तास लागतो. ऐंशीच्या पुढे ती इतकी रेंगाळते की मागे उभा असलेला माणूस डोळे वटारतो, आणि ते बरोबरच आहे. ऐंशीला काढा आणि निघा. सासरे बरोबर असताना ही पाऊण तासाची विश्रांती खरं तर उपयोगी पडते, त्यांच्या वयाच्या माणसाला सलग चार तास बसवत नाही. फक्त थांबण्याची जागा सावलीची आणि स्वच्छ संडास असलेली निवडा, दोन रुपये युनिट जास्त असलं तरी. नागपुरात दवाखान्यात तुमचे तीन-चार तास जातात, तेव्हा जवळच्या एखाद्या वाहनतळात साधा चार्जर मिळाला तर परतीचं ओझं अर्धं होतं. रात्री-अपरात्री अचानक न्यावं लागलं तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. त्यासाठी घरची पेट्रोल गाडी किंवा शेजाऱ्याचा शब्द हाताशी ठेवा. जीव वाचवण्याच्या प्रवासात चार्जर शोधत बसू नये.

कोणाच्या घरी किंवा ढाब्यावर केबल लावायची वेळ आली तर पैसे आधी काढा. दहा युनिटचे दीडशे रुपये हातावर ठेवले की पुढच्या वेळी ढाबेवाला स्वतः खाट सरकवून जागा करून देतो. पाहुणे पैसे घेणार नाहीत, त्यांच्याकडे तुरीच्या डाळीची पिशवी न्या. सॉकेटमध्ये खोचून तिन्ही तारा ठीक आहेत का ते सांगणारा तीन दिव्यांचा टेस्टर दुकानात स्वस्तात मिळतो, तो गाडीतच असू द्या. एक्स्टेन्शन वापरावं लागलं तर चार चौरस मिलिमीटरचंच, आणि पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवून चार्जिंग लावलं की आतली वायर तापून वितळते.

चिखलदऱ्याला सहल नेणार असाल तर एक गंमत. परतवाड्याहून वर जाताना साधारण सातशे मीटर चढ आहे. चार माणसांसह भरलेल्या गाडीला फक्त तेवढं वजन वर उचलायला सव्वातीन युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा, अंतराचा खर्च वेगळा. उतरताना त्यातला बराचसा परत मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. वरच्या हॉटेलात हौसेने शंभर टक्के भरून उतरायला लागलात तर गाडी ती वीज घेऊ शकत नाही, मोटारीचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. वर ऐंशी-पंच्याऐंशीलाच थांबा.

पावसाळ्यात पांदणीतून गाडी नेण्याचा अट्टहास नको. बॅटरीची पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते अशी तपासलेली असते, पण काळ्या चिखलात पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, कारण मोटारीचा सगळा जोर पहिल्याच क्षणी चाकावर येतो. इको मोड, हलका पाय. नाल्याला वाहतं पाणी असेल तर थांबणे, यात पेट्रोल आणि बॅटरी असा भेद नाही. जूनमधल्या विजा कडाडायला लागल्या की केबल भिंतीतून काढा. कापसाची गंजी किंवा कुटाराचा ढीग जवळ असेल तिथे गाडी लावू नका, उंदीर वायरी खातात आणि वॉरंटीवाले त्याला हात लावत नाहीत. आणि गाडीला आवाज नाही हे गावात शिरताना लक्षात ठेवा. बैलं बिचकतात, रस्त्यावर तूर वाळत घालणारी म्हातारी मागे वळूनही बघत नाही. लांबूनच हलका हॉर्न द्या.

आता ही विशिष्ट गाडी. तिच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, म्हणजे २०२९ पर्यंत वेळ आहे. ती तुमच्या नावावर येते असं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. मूळ चार्जिंग केबल सोबत आहे ना बघा, नवी महाग पडते. बारा व्होल्टची छोटी बॅटरी कधी बदलली ते विचारा. कोणत्याही ईव्हीत मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी मेली की दारसुद्धा नीट उघडत नाही. म्हणून सुट्टीतही आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालू ठेवा. टायरची नक्षी आतल्या बाजूने पाहा, जड गाडी टायर लवकर खाते. बॅटरीची तब्येत तपासायचा माझा ठोकताळा असा: मालकाला आदल्या आठवड्यात एकदा पूर्ण शंभर टक्के भरायला सांगा, मग गाडी दहा टक्क्यांवर आणा आणि वायरमनकडून एक सबमीटर मध्ये लावून दहा ते शंभर भरा. नवी असताना भिंतीतून एकोणतीस-तीस युनिट जायचे. सव्वीस-सत्तावीस गेले तर वयाच्या मानाने ठीक. चोवीसच्या खाली गेले तर भाव पाडा किंवा सोडून द्या. एक रात्र जाईल, विकणारा कुरकुर करेल. अजिबातच तयार नसेल तर तेही उत्तरच समजा.

पैशाचं गणित सरळ आहे. शाळेचे महिन्याला बाराशे किलोमीटर धरले तर एकशे ऐंशी-नव्वद युनिट. ते घरच्या वापरावर चढतात, म्हणून वरच्या स्लॅबचा दर लावा, सगळे आकार धरून तेरा रुपये. चोवीसशे झाले. तेवढंच अंतर पंधराच्या सरासरीने चालणाऱ्या पेट्रोल गाडीत ऐंशी लिटर, म्हणजे आठ हजारांच्या वर. नागपूरच्या फेरीत फास्ट चार्जर महाग पडतो, तिथे बचत निम्म्यावर येते. अर्थिंग, वायर, आरसीसीबी आणि सॉकेटचा खर्च शाळेच्या फेऱ्यांतूनच काही महिन्यांत वसूल होतो.

मला तीन गोष्टी कळवा. रात्री आठला आणि पहाटे चारला घरातलं व्होल्टेज किती असतं, बिलावरचा मंजूर भार किती आहे, आणि मीटरपासून गाडी उभी करायच्या जागेपर्यंत किती मीटर अंतर आहे. वायरमन माझा असो की गावातला, त्याच्यासाठी कागदावर सामान लिहून देतो. तोवर विकणाऱ्याला इसार देऊ नका.